सरळ पातं

"पेन्सिल खाली ठेवा, बाई," खरोटे म्हणाले.

समोरचा गुराखी रंगात आला होता. लढाईच्या वेळी गोऱ्यांचं विमान कसं पेटत आलं, सात गावांना कसं दिसलं, आतला साहेब मरताना आईला कशा हाका मारत होता, सगळं तो हातवारे करून सांगत होता आणि मी आपली भराभर टिपून घेत होते. खरोट्यांनी त्याचं पुरतं ऐकून घेतलं, मान डोलवली, त्याला एक विडी दिली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "याचं वय काय असेल?"

"असेल पन्नाशीचा."

"म्हणजे विमान पडलं तेव्हा हा पाळण्यात. आणि विमानाचा हा पत्रा बघा. कुठं जळाल्याची खूण आहे? पेटत आलं म्हणे." त्यांनी पत्र्याचा तुकडा उलटापालटा करून पाहिला आणि होता तसा, होत्या त्याच बाजूवर परत ठेवला. "लोकांचं ऐकायचं, मान डोलवायची. टिपायचं ते पत्र्याचं."

गुराख्याला यातलं काही लागलं नाही. विडी पेटवत तो आपल्याच नादात म्हणाला, "ह्ये तर कायच न्हाई. स्वराज्य आल्यावर आंबेघोणला एक पडलं व्हतं. आपल्याच लोकांचं. त्याच्या पंख्याचं पातं गाववाल्यांनी वीर म्हणून बसवलंय. पुजत्यात."

खरोटे होते तिथं थबकले. "कुठल्या सालात?"

"साल कुनाला ठावं. पाऊस सरता सरता."

"लहान विमान होतं? दोन माणसांचं?"

"दोघंच व्हते म्हनत्यात."

लोकांच्या तोंडून आलेलं कवडीमोल मानणारा हा माणूस त्या गुराख्याला तीन-तीनदा तेच विचारत राहिला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

खरोट्यांची नि माझी ओळख तशी अलीकडची. भूमापनाच्या कचेरीत नकाशे काढण्यात माझी हयात गेली. एक दिवस डोक्याला कापडी टोपी घातलेले हे गृहस्थ खिडकीशी आले आणि सह्याद्रीच्या डोंगररांगेचे एकूण एक नकाशे मागू लागले. म्हटलं, काय किल्ले चढता का? म्हणाले, "नाही, पडलेली विमानं शोधतो." हवाई दलात फिटर होते. निवृत्त होऊन नाशकात राहिलेले. डोंगरात कुठं कुठलं विमान पडलं, कसं पडलं, आता तिथं काय उरलं आहे, याची नोंद करायची, जागा नकाशावर मांडायची आणि एक खिळाही न उचलता परत यायचं, असा त्यांचा नेम. एकटी बाई मी, सुट्टीत करायचं काय? गेले त्यांच्याबरोबर एकदा, आणि जातच राहिले. त्यांच्या इंदूवहिनी मला म्हणत, "शरयूताई, बरं झालं तुम्ही मिळालात. दऱ्याखोऱ्यांत एकटे जायचे, जीव टांगणीला लागायचा."

माणूस भला, पण एक खोड होती. घरातून निघताना कुलूप लावायचे आणि ओढून बघायचे. फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा ओढून बघायचे. कोपऱ्यावरून एकदा परत. मी थट्टा करायची, "खरोटे, आत कोहिनूर ठेवलाय का?" ते हसायचे नि पुन्हा एकदा ओढून यायचे.

आंबेघोणला आम्ही पुढच्याच रविवारी निघालो. डांबरी सडक संपल्यावर चढण. अर्ध्यावर जांभळीखाली भाकरी सोडली. खरोट्यांनी एक घास तोंडात घातला नि बराच वेळ चघळत बसले.

"बाई, मी हा उद्योग का करतो, ठाऊक आहे?"

"हौस."

"हौस नाही. मला एकच विमान शोधायचं आहे. बाकीची वाटेत लागली."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरवातीची गोष्ट. दोन माणसांचं सरावाचं विमान. शिकवणारे मथाई साहेब, शिकणारा सुधन्वा राजवाडे नावाचा कोवळा पोरगा. विमान तयार करायचं काम खरोट्यांचं. ते उडालं आणि परत आलं नाही. पाचव्या दिवशी डोंगरात सापडलं म्हणून कळलं. कुठल्या डोंगरात, ते खरोट्यांना कुणी सांगितलं नाही. तोवर त्यांची बदली पार आसामात झाली होती.

"इंजिनात पेट्रोलची एक जाळी असते. ती साफ करून टोपण बसवायचं आणि टोपणाला बारीक तार पिळायची. थरथरीनं टोपण सैल होऊ नये म्हणून. तार नसली तर टोपण फिरत फिरत सुटतं, पेट्रोल गळतं, इंजिन बंद. रोजचं काम होतं माझं ते."

"मग?"

"त्या सकाळी तार पिळली की नाही, मला आठवत नाही."

"अहो, पिळली असेलच की. रोजच्या हातातलं काम."

"रोजच्या हातातलं, म्हणूनच आठवत नाही. कुलूप लावून तुम्ही अर्ध्या वाटेत येता, आणि कुणी विचारलं, लावलं का, तर सांगता येतं? हात आपले करून मोकळे होतात. तुम्ही परत जाऊन ओढून बघता. मी कुठं परत जाणार?"

माझा घास हातातच राहिला. त्या कुलपाची मी किती थट्टा केली होती.

"चौकशीत मला विचारलं. मी म्हणालो, पिळली. खरं बोललो की खोटं, ते मलाच माहीत नाही. शेवटी कारण सांगता येत नाही असं ठरलं. कुणी मला बोल लावला नाही. लावला असता तरी चाललं असतं, निकाल तरी लागला असता. चढायच्या आधी राजवाडेनं विचारलं होतं, खरोटे, सगळं ठीक ना? मी मान हलवली होती."

"आणि आता इतक्या वर्षांनी काय कळणार?"

"पातं सांगेल. इंजिन जोरात चालू असताना विमान डोंगराला धडकलं, तर पाती कोयत्यासारखी वळतात. म्हणजे ढगात वाट चुकली, माझा संबंध नाही. इंजिन आधीच बंद पडलं असेल, पंखा थांबलेला असेल, तर पातं असं वळत नाही, सरळ राहतं." त्यांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "वळलेलं आहे की सरळ आहे, एवढंच बघायचंय मला. चला."

आंबेघोण म्हणजे वीस-पंचवीस घरांचं गाव. गावाबाहेर हिरड्याच्या झाडाखाली दगडी चिरे ओळीनं उभे होते, चंद्र-सूर्य कोरलेले. अकाली मेलेल्या माणसाचा तिथं वीर बसवतात. त्याला उभं केलं, वर्षाला आंघोळ घातली, की तो गावाला छळत नाही, राखण करतो, अशी समजूत. आम्हाला तिकडं घेऊन गेला लक्ष्मण गभाले. तिशीतला, बोलका गडी. त्याच्याच आज्यानं तो वीर बसवलेला.

"आई असती तर समदं सांगितलं असतं तिनं. लेकीच्या बाळंतपणाला गेलीया," तो म्हणाला. "दोघं व्हते विमानात. सरकारी मान्सं आली, झोळीत घालून खाली घेऊन गेली. पर आजा म्हनला, जीव तर हितंच गेला ना? मंग त्यांनी कुटं ऱ्हायचं? म्हनून बसवला. यंत्र नि दुसरं पातं दरीत गेलं, ह्ये येकच गावलं. ह्यो बघा."

चिऱ्यांच्या मधोमध, छातीइतका उंच, शेंदरानं लालभडक झालेला वीर उभा होता. शेंदराचे थरावर थर चढून जाडजूड झाला होता, तरी पात्याची ठेवण कळत होती. अगदी सरळ होतं. फूटपट्टी लावली असती तरी केसभर फरक निघाला नसता.

मी खरोट्यांकडे पाहिलंच नाही. पाहायचा धीरच झाला नाही.

"हे नंतर कधी हलवलं, बदललं?" त्यांनी लक्ष्मणाला विचारलं.

"छ्या. मी जल्मलो तवापासून असाच हाय. वीराला कोन हात लावतो?"

खरोट्यांनी टोपी काढली. वीरासमोर उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. साठी उलटलेला माणूस आवाज न करता रडत होता. लक्ष्मणाला काही कळेना. तो घरी गेला आणि कोरा चहा घेऊन आला. खरोट्यांनी तो बिनबोभाट प्यायला, कपबशी विसळून दिली. मी टेप काढायला लागले तर म्हणाले, "राहू द्या. चला."

उतरताना एकदाच बोलले. "बंद पडलं होतं, बाई."

त्यानंतर त्यांनी डोंगर सोडला. मी दोन-तीनदा घरी गेले, तर खाटेवर पडलेले, भिंतीकडे तोंड करून. इंदूवहिनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाल्या, "शरयूताई, एक मात्र चांगलं झालं हो. ते कुलूप ओढून बघायचं खूळ पार गेलं. एकदा लावतात नि चालू लागतात." त्या बिचारीला बरं वाटत होतं. परत जाऊन बघायचं आता त्यांना काही उरलं नव्हतं, ते तिला कुठं ठाऊक?

शिमग्याला मी एकटीच आंबेघोणला गेले. जागा नकाशावर मांडायची राहिली होती, आणि अर्धवट काम मला सोसत नाही. नेमका त्या दिवशी वीरांना आंघोळ होती. बाया घागरी घेऊन हिरड्याखाली जमल्या होत्या. पात्याच्या वीरावर पाणी घालत होती ती लक्ष्मणाची आई, ठकूबाई. वाळकी, काटक, तोंडाचा पट्टा चालू.

"तुमी नकाशावाल्या बाई व्हय? लक्षिमन म्हनला व्हता. या, घाला पानी. बघा कसा ताठ उभाय. आनला तवा असा व्हता व्हय? पार कोयता झाला व्हता त्याचा."

तिनं पुढे केलेला तांब्या मी तसाच खाली ठेवला.

"काय म्हणालात?"

"कोयता वो, कोयता. वळला व्हता निस्ता. माजा सासरा म्हनला, वाकडा वीर बसवायचा न्हाई. वाकडा बसवला तर वाकड्या वाटंनं घरात शिरतो. मंग बाजाराच्या गावचा धोंडू लोहार आनला. ह्या झाडाखाली भट्टी लावली. आदी लाकडी हातोडा, मंग लोखंडी. भाता मी मारला. नवी नवरी व्हते, हाताला ह्ये फोड आलं. आजून सांगते मी सुनांना, वीराला सरळ केलाय तो माज्या फोडांनी."

बाकीच्या बाया हसल्या. हे पुराण त्यांनी दर शिमग्याला ऐकलं असणार. मी मात्र तिथंच खाली बसले. वळलेलं होतं. इंजिन चालू होतं. खरोट्यांच्या हातांनी तार पिळली होती.

त्या दिवशी डोंगर कसा उतरले, मला आठवत नाही. मिळेल ती एसटी धरली आणि दिवस मावळायच्या आत खरोट्यांच्या घरी. चपला काढायचंही भान नव्हतं. खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. कोयता, लोहार, भाता, फोड, काही सोडलं नाही.

ते उठून बसले. क्षणभर चेहऱ्यावर असं काही उमटलं, की मला वाटलं, जिंकलो. मग ते हळूहळू विझलं.

"तिचं वय काय?"

"पाळण्यात नव्हती ती," मी कडाडलेच. "नवी नवरी होती. भाता मारलाय तिनं."

"त्या दिवशी मी वीरापुढे बसून रडलो. लक्ष्मणानं पाहिलं. घरी आईला सांगितलं असणार, की पातं सरळ आहे म्हणून एक म्हातारा रडत होता."

"त्याला काय ठाऊक तुम्ही कशासाठी रडलात ते?"

"खेड्यातली माणसं फार ओळखतात, बाई. भली माणसं आहेत. रडून गेलेल्या माणसाला भली माणसं बरं वाटेल तेच सांगतात." पांघरूण सारखं करत ते म्हणाले, "तुम्हीही भल्या आहात."

असा राग आला मला. इतके डोंगर बरोबर हिंडलो, आणि हा माणूस मला खोटी ठरवत होता, तेही गोड बोलून. "तुमच्यासारखा हट्टी माणूस मी जन्मात पाहिला नाही," मी म्हणाले. "पत्रा खोटं बोलत नाही ना? मग पत्र्यालाच विचारू. हातोडीचे घाव असतील त्यावर. शेंदराखाली आहेत. वर जाऊ आणि बोटभर जागा खरवडून बघू. झालं?"

"नाही."

"का नाही?"

"तो देव आहे त्यांचा. त्या दोघांना आपल्या लोकांनी झोळीत घालून नेलं नि विसरले. ह्या माणसांनी नाव-गाव माहीत नसताना उभं केलं, आंघोळ घालतात, शेंदूर लावतात. आणि मी जाऊन चाकूनं खरवडू? कशासाठी? मला झोप लागावी म्हणून?"

"हो," मी म्हणाले. "त्यासाठीच. लागू दे की एकदाची झोप."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. लहान पोराची समजूत घालावी तसं. "नकाशावर जागा मांडा. कारणाचा रकाना कोरा ठेवा. जे माहीत नाही ते लिहायचं नाही."

ते पुन्हा भिंतीकडे वळले. दाराशी उभ्या असलेल्या इंदूवहिनींनी सगळं ऐकलं होतं. फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "खरं आहे ना हो तुम्ही सांगितलंत ते?" मी म्हटलं, देवाशप्पथ. देवाची शपथ घेण्यातली मी नव्हे, पण घेतली.

खरोटे श्रावणात गेले. झोपेत गेले म्हणून लोक म्हणाले, सुटले बिचारे. मला नाही वाटत ते सुटले म्हणून.

त्याला बरीच वर्षं झाली. मीही निवृत्त झाले, गुडघे बोलायला लागले, डोंगर बंद झाले. एका दुपारी लक्ष्मणाचा फोन आला, तालुक्याच्या गावातून. "बाई, वीरानं खोळ टाकली. आई म्हनली, तुमाला कळवायचंच."

वर्षानुवर्षं शेंदराचे थर चढत जातात आणि एक दिवस आख्खं कवच आपोआप निखळून पडतं. देवानं जुनी वस्त्रं उतरवली, असं मानतात. कुणी हात लावलेला नसतो. खरवडावं लागत नाही. मी फोन ठेवला नि काठी शोधली.

आता वरपर्यंत रस्ता झाला होता. हिरड्याखाली सगळं गाव जमलं होतं. लाल कवचाचे तुकडे कोऱ्या कापडात नीट गोळा करून ठेवले होते. आणि मधोमध पातं उभं होतं, उघडं, करड्या रंगाचं. मी जवळ गेले. चष्मा पुसला.

घाव होते. मधल्या भागापासून टोकापर्यंत, एकाला लागून एक, पाखरांनी टोचलेल्या पेरूसारखं पातं झालं होतं. मधे जिथं वळण होतं तिथं धातूला आडव्या बारीक भेगा पडल्या होत्या. लाकडी हातोड्याचे घाव पसरट, लोखंडी हातोडीचे खोल. खरोट्यांनी शिकवलं होतं तसं मी पट्टी लावून सगळं मोजलं, फोटो काढले.  मग तिथंच, सगळ्या गावासमोर, मला रडू फुटलं.

ठकूबाई आता पार वाकली होती, डोळ्यांत फूल पडलेलं. तिनं माझा दंड धरला.

"ठकूबाई, एक विचारते. आमचे साहेब त्या पहिल्या दिवशी इथं बसून रडले, ते लक्ष्मणानं तुम्हाला सांगितलं होतं?"

"कोन रडलं?" ती म्हणाली. "लक्षिमन सांगायचा त्ये टोपीवाले? त्यान्ला न्हाई आनलं?"

"ते गेले. त्याच साली."

 लक्ष्मणाच्या हातात तेलात कालवलेल्या शेंदराची परात होती. तिनं ती चाचपून माझ्यापुढे ओढली.

"मंग पैला हात तुमी लावा. त्यांच्या नावानं."

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण काठी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि परातीत हात बुडवला. खालपासून सुरवात केली. पहिल्या हाताला एक-एक घाव बोटांना लागत होता. "इंजिन चालू होतं, खरोटे," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं असेल तर जाऊ दे. दुसऱ्या हातालाही घाव लागले, जरा उथळ. मग बाया पुढे झाल्या, त्यांनी आपापले हात लावले, आणि पातं पुन्हा लाल, सपाट आणि सरळ झालं.